अक्काच्या विहिरीची मोजदाद

माझ्या पीएच.डी.चा विषय नेमका काय, हे मोजणीचे पहिले नऊ महिने मला कुणालाही धड सांगता आलं नव्हतं, आणि त्यात माझी काही चूक आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं. लोकच मठ्ठ आहेत, असं माझं सरळ मत होतं. आत्या विचारायची, "क्रांती, तुजं ते सातारला काय चाललंय गं नक्की?" मी म्हणायची, "विहिरीतले जीव मोजते." त्यावर ती म्हणायची, "मोजून?" या 'मोजून'नं माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील नाथाजी, चोवीस वर्षं फौजेत होते. सीमेवर उभं राहून काय केलंत, असं त्यांना कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

विषयाचं अधिकृत नाव साडेतीन ओळींचं होतं. साध्या भाषेत सांगायचं तर एवढंच, की विहिरीच्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा एक जीव असतो, तिळाच्या चौथाईएवढा. डासांच्या कोवळ्या अळ्या हा त्याचा आवडता खुराक. पण विहिरींवर मोटारी बसल्या, पाण्यात नाही नाही ती औषधं पडायला लागली आणि हे जीव कमी झाले. जिथं ते अजून टिकून आहेत तिथं अळ्या खरोखर कमी असतात का, हे मला वर्षभर दर पंधरा दिवसांनी मोजून बघायचं होतं. आता हे मी पाच-सहा वाक्यांत लिहिलं. तेव्हा मला तासभर देऊनही जमलं नसतं, कारण जमावं असं मनातच नव्हतं.

आठ विहिरी निवडल्या होत्या. त्यांपैकी सात आपल्या चारचौघींसारख्या, मोटार बसलेल्या. आठवी चंदनबालाअक्कांची, आणि सगळं संशोधन त्या आठवीवर उभं होतं.

अक्का आष्ट्याच्या अलीकडं मळ्यात राहतात. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काडी, आवाज मात्र बांधावरून ऐकू येईल असा. मुलगा भरतेश ऊस आणि हळद करतो. घरात नळ आहे, पाणी शुद्ध करायचं यंत्रही आहे, पण अक्कांचं व्रत आहे. त्या फक्त स्वतः विहिरीतून शेंदलेलं पाणी पितात, तेही दुपदरी कापडानं गाळून. गाळून झालं की कापड उलटं करायचं, गाळलेल्याच पाण्यानं ते हलक्या हातानं एका वाटीत खंगाळायचं. कापडावर अडकलेले जीव त्या वाटीत उतरतात. त्या पाण्याला म्हणतात जिवाणी. ही जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत परत सोडायची. वरून ओतायची नाही, जीवांना मार बसतो. त्यासाठी अक्कांकडं एक तांब्या आहे, त्याच्या बुडाला दुसरी दोरी बांधलेली. तांब्या पाण्याला टेकला की बुडाची दोरी ओढायची, तांब्या कलंडतो आणि जीव अलगद आपल्या घरी जातात. लग्न होऊन या घरात आल्यापासून, म्हणजे पन्नासेक वर्षं, रोज सकाळी हे चाललेलं होतं. नळाचं पाणी का चालत नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "नळाची जिवाणी कुठं सोडू? नळाच्या तोंडात?"

अशी विहीर आमच्या भागात दुसरी उरली नव्हती. मी दीड महिना सगळा भाग पालथा घातला होता.

पहिल्या दिवशी अक्कांनी त्या सकाळच्या जिवाणीतला निम्मा भाग माझ्या बाटलीत स्वतःच्या हातानं ओतला. म्हणाल्या, "हे घिऊन काय करनार गं?"

"मोजणार, अक्का."

"आनि मग?"

मी बाटलीचं झाकण आवळत होते. साताऱ्याची गाडी चुकेल ही घाई होती, हे खरं. पण त्यांना काय विचारायचंय हे मला नीट कळलं होतं, हे त्याहून खरं. मी म्हणाले, "मग लिहून काढणार." आणि निघाले. गोठ्याच्या मागं गेल्यावर पिशवीतून फॉर्मालिनची बाटली काढली आणि ती जिवाणीत ठरल्या मापानं ओतली. जीव टिकवायचे तर आधी मारावे लागतात, प्रयोगशाळेतली ही साधी गोष्ट आहे. गोठ्याच्या मागंच का? वास सुटतो म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं होतं. नऊ महिन्यांत अठरा वेळा मी त्या गोठ्याच्या मागं गेले.

पुढं ऑक्टोबरात कॉलेजचं पत्र आलं. प्रत्येक संशोधकानं आपलं संशोधन व त्याचे फायदे सामान्य जनतेला सोप्या भाषेत समजावून सांगावेत, सोबत फोटो व उपस्थितांच्या सह्या जोडाव्यात. मी कपाळावर हात मारला. भरतेशदादांना फोन केला तर त्यांनी गावातल्या जैन मंदिराचा हॉल मिळवून दिला, वर चहा-पोह्यांचीही सोय केली. पोह्यांमुळं साठ माणसं जमली. आप्पा पलटणीचा ब्लेझर घालून पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारी अक्का, पांढऱ्या लुगड्यात, हात मांडीवर.

आणि भाषण रंगलं की! मीच चकित झाले. मी नारूची गोष्ट सांगितली. जुन्या काळी बारवेचं पाणी न गाळता पिणाऱ्यांच्या पोटात हा सायक्लॉप्स जायचा, त्याच्या पोटातून नारू शिरायचा आणि वर्षभरानं माणसाच्या पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा. माझ्या पणजीच्या घोट्यावर तो वण होता. पाणी गाळून पिणाऱ्या घरांत मात्र नारू शिरत नव्हता. हॉलमध्ये माना डोलल्या. अक्कांनी आप्पांकडं बघितलं, आप्पांनी छाती फुगवली. मग अळ्यांचं सांगितलं. सातही विहिरींच्या मानानं अक्कांच्या विहिरीत अळ्या जवळपास नाहीत. एका विहिरीवरून जगाला शहाणं करता येत नाही, हेही सांगितलं. लोक ऐकत होते, प्रश्न विचारत होते, आणि मला वाटायला लागलं की बाई, आपण भलत्याच हुशार.

शेवटचं चित्र मी आदल्या दिवशी मुद्दाम तयार केलं होतं, अक्कांचे आभार मानायला. साताऱ्याच्या प्रयोगशाळेतलं फळीवरचं दृश्य होतं ते. अठरा काचेच्या बाटल्या एका ओळीत, प्रत्येकीवर माझ्या सुवाच्य अक्षरात 'चंदनबालाअक्का' आणि तारीख. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का पुढं झुकून चित्राकडं बघत होत्या.

"ह्यातली जिवंत हाईत?" त्यांनी विचारलं.

टाळ्या थांबल्या. मी म्हणाले, "न्हाईत, अक्का."

"एकबी?"

"एकही न्हाई."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं, ज्या हातानं त्या बाटलीत जिवाणी ओतायच्या त्याच हाताकडं. मग उठल्या, लोकांनी वाट दिली, त्या निघून गेल्या. भरतेशदादा जमिनीकडं बघत राहिले. सह्यांचा कागद तेवढा रांगांमधून फिरत होता आणि लोक अगदी मन लावून सह्या करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतेशदादांचा फोन आला. "ताई, वाईट वाटून घिऊ नका. पर आई म्हनती, हितनं फुडं विहिरीवर येऊ नका. कालपास्नं तिनं गोड सोडलंय, दूध सोडलंय. एकाच वक्ताला जेवती. माज्या हातानं दिली म्हनती, दुसरं काय बोलंना झालीया."

मी साताऱ्याला जाऊन आमच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "दुसरी विहीर बघा." मी म्हणाले, दुसरी नाही. तीन महिने राहिलेत, वर्ष पुरं झालं नाही तर हिवाळ्याचे आकडेच नाहीत, आणि ही विहीर नसेल तर त्या सात विहिरींची तुलना कशाशी करायची? तीन वर्षं पाण्यात.

"त्यांना आधीच सांगायला काय झालं होतं?"

"त्यांना कळलं नसतं, सर."

सर चष्मा पुसत म्हणाले, "कळलं की."

मी चिडून घरी आले. चिडले म्हणजे सगळ्यांवर, भांड्यांवरसुद्धा. आप्पा शांतपणे दाढी करत होते. मी म्हणाले, "आप्पा, एवढ्याशा किड्यांसाठी एवढा गहजब? माणसं काय मरायची राहिल्यात व्हय?" आप्पांनी वस्तरा धुतला. म्हणाले, "पोस्टवर चूक झाली तर रिपोर्ट कोन देतो, म्हाईत हाय का? ज्यानं केली त्यो. दुसऱ्यानं दिला की त्याला रिपोर्ट म्हनत न्हाईत, तक्रार म्हनत्यात. तू रिपोर्ट दिलाच न्हाईस पोरी. त्या बाईनं भर सभेत तुजी चूक तुला दावली."

"मग आता काय करू?"

"जा आनि दे. आनि ते बघायचं मशिन संगट घे. सांगायचं तर दावून सांग."

मला राग आला तो याचा, की त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

रविवारी आम्ही दोघं मोटरसायकलवर गेलो. सूक्ष्मदर्शक मी प्रयोगशाळेतून सही करून आणला होता, तो आप्पांच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत, फौजेच्या कांबळ्यात गुंडाळून. अक्का विहिरीच्या कट्ट्यावर गाळणं वाळत घालत होत्या. त्यांनी बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं.

"अक्का, पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, मोजून झाल्यावर पुढं काय. तुम्हाला काय विचारायचंय ते मला कळलं होतं. मी मुद्दाम सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर तुम्ही दिली नसती."

"नसतीच दिली."

"ते जीव मी गोठ्याच्या मागं मारत होते. दर वेळेला."

अक्कांनी गाळण्याची सुरकुती हातानं सरळ केली. मग म्हणाल्या, "किती?"

आता मला सांगा, हा प्रश्न दुनियेत दुसऱ्या कुणाला विचारला असता तर उत्तर मिळालं असतं का? उसाला फवारणी करताना किती मेले, नांगराखाली किती मेले, कुणाला माहीत असतं? पण माझं सगळं संशोधनच ते होतं. मी वही उघडली. अठरा पानांची बेरीज शेवटी लिहिलेली होती.

"अकरा हजार दोनशे बत्तीस."

अक्कांनी माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं. "अंदाजानं?"

"न्हाई. एकेक मोजून."

"तू बसून एकेक मोजलंस?"

"व्हय. एका बाटलीला दोन दिवस लागतात."

त्या खाली कट्ट्यावर बसल्या. भरतेशदादा गोठ्यातून आले होते, त्यांना म्हणाल्या, "एकाला एक जप धरला तर माळा किती व्हतील रं?" भरतेशदादांनी फोन काढला, एकशे आठनं भागलं. बरोबर एकशे चार माळा. "रोज एक," अक्का म्हणाल्या. "तवर गोड न्हाई." ते त्यांनी माझ्याशी भांडून म्हटलं नाही, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं म्हटलं. मग माझ्याकडं वळल्या. "पन्नास वर्षं सोडत आले बघ. किती सोडली ते मला म्हाईत न्हाई. पांढरं ठिपकं दिसायचं आधी, आता तेबी दिसत न्हाईत. त्यांची मोजदाद कुनी करत आसंल असं वाटलंच न्हाई कवा."

आप्पांनी तेवढ्यात ट्रंक उघडली. फौजी माणसाला वेळ बरोबर कळते.

त्या दिवशीच्या जिवाणीतला एक थेंब मी काचेवर घेतला आणि अक्कांना डोळा लावायला सांगितला. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग दिसलं.

"डोळा एकच?"

"एकच, कपाळावर."

"लाल हाय. आनि ह्या मागं दोन पिशव्या कसल्या?"

"अंडी हाईत त्यात. आई हाय ती."

अक्का झटकन मागं सरल्या. "सोड तिला आधी! काचंवर काय ठिवलीयास!" आणि त्यांनी स्वतःच तांब्या पुढं केला. ती अंडीवाली बाई विहिरीत पोचल्यावरच आमचं पुढचं बोलणं झालं.

"ह्येंचा उपेग काय म्हनलीस त्या दिशी? शेवटलं ऐकलं आनि आदलं सगळं इसरले बघ मी."

मी पुन्हा सांगितलं. यावेळी चित्रं नव्हती, आलेख नव्हता. डास पाण्यात अंडी घालतो, त्यातून अळी निघते, ती कोवळी असतानाच ही एकडोळी तिला धरते. दिवसाला कितीतरी खाते. जी अळी खाल्ली गेली तिचा डास होत नाही, आणि जो डास झालाच नाही तो कुणाला चावत नाही. तुम्ही रोज ह्यांना परत घरी सोडता म्हणून तुमच्या विहिरीत राखण आहे. हे खरं आहे का ते मला आकड्यांनी दाखवायचंय, म्हणजे दुसऱ्या गावांत औषध ओतायच्या आधी माणसं एकदा विचार करतील.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हंजे ही बी खात्यात."

या बाजूनं मी विचारच केला नव्हता.

"खाऊ देत," त्या म्हणाल्या. "ज्याचं करम त्याच्यासंगट. आपन मदी हात घालायचा न्हाई, एवढंच आपलं." मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मोजायचं तर हितं मोज. जिवंत मोज. आनि मोजून झालं की ह्याच विहिरीत, ह्याच तांब्यानं."

"अक्का, ते पळतात. एका जागी थांबतच न्हाईत, कसं मोजू?"

"शाळंत पोरं पळत्यात म्हनून मास्तर हजेरी घेत न्हाईत व्हय?"

आप्पा खो खो हसले. माझ्या मात्र डोक्यात चक्र सुरू झालं. हजेरी घ्यायची तर पोरं रांगेत बसवायची. मी काचेची उथळ ताटली घेतली, तिला खालून चौकटी आखल्या, एक चमचा जिवाणी पसरली, वरून पातळ काच ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाला फोन बांधून चौकटी चौकटीचं दहा-दहा सेकंद चित्रीकरण केलं. मग ताटली तांब्यात. पळणारे जीव फोनवर थांबवता येतात. पहिल्या रविवारी मला साडेचार तास लागले, मान आखडली. आप्पा छत्री धरून उभे होते आणि वहीत वेळ लिहीत होते, 'शून्य आठ चाळीस, चमचा तिसरा'.

सर आधी कुरकुरले. मध्येच पद्धत बदलली तर परीक्षक धरतील, म्हणाले. मी म्हणाले, धरू देत, आधीचे नऊ महिने वेगळे लिहीन आणि नंतरचे तीन वेगळे, आणि दोन्ही का वेगळे तेही लिहीन. सातही विहिरींवर मी तसंच मोजायला लागले. तिथं कुणी सांगितलं नव्हतं. पण एकदा ती लाल डोळ्याची बाई बघितल्यावर मला गोठ्याच्या मागं जाववेना.

नोव्हेंबरात आष्ट्याकडं डेंग्यूचे चार-पाच पेशंट निघाले. लगोलग गुंडा नावाचा ग्रामपंचायतीचा शिपाई मळ्यात हजर झाला, हातात औषधाचा डबा. मी ताटलीवर वाकले होते. गुंडा म्हणाला, "आक्का, सरा जरा, विहिरीत वतायचं हाय. वरनं आर्डर हाय."

मी तोंड उघडणार एवढ्यात अक्काच म्हणाल्या, "आत बघ आदी. आळी दिसती का एक तरी?"

गुंडा वाकून बघून आला. "न्हाई दिसत."

"का न्हाई? आत राखन हाय माजी. एक डोळ्याची हाईत, तिळापरास बारीक. डासाची आळी जन्मली की धरत्यात. तू औषद वतलंस तर आळी मरंल न मरंल, राखन आदी मरंल. मग फुडल्या म्हयन्यात पुन्यांदा डबा घिऊन येशील. तुज्या घरामागं टायर पडल्यात त्यात बघ जा, तितं वत की."

गुंडा डोकं खाजवत माझ्याकडं वळला. "खरं हाय व्हय, म्याडम?"

"खरं हाय," मी म्हणाले. बोलायला दुसरं काही शिल्लकच नव्हतं. तीन वर्षं मी जे साडेतीन ओळींत कोंबून ठेवलं होतं ते या बाईनं पाण्याचा एक पोहरा वर यायच्या आत सांगितलं होतं. मला हेवा वाटला आणि आनंदही झाला. प्रबंधाच्या शेवटी सोप्या भाषेतला गोषवारा लागतो, तो मी त्याच संध्याकाळी लिहिला, जवळजवळ अक्कांच्याच शब्दांत. टायरसकट.

त्या महिन्यांत एकाआड एक रविवारची आमची एक रीतच पडली. आम्ही सकाळी सातला पोचायचो. अक्का शेंदायच्या, गाळायच्या, मी मोजायची, आप्पा लिहायचे. आधी मला वाटायचं, त्या पाळत ठेवायला बसतात. नंतर कळलं, त्यांना आकडा ऐकायचा असतो. "आज किती?" असं विचारायच्या, आणि मी सांगितलं की, "आनि परत किती गेली?" दोन्ही आकडे सारखे आले की मगच पानं वाढायच्या. त्यामुळं कधी कधी दुपारचे दोन वाजायचे आणि आप्पांच्या पोटातले कावळे मला छत्रीखालून ऐकू यायचे. थंडीत आकडा बराच उतरला, दोनशेवर आला, तर अक्कांनी मला धारेवर धरलं. मी सांगितलं, थंडीत वाढ कमी असते, दर वर्षी असंच होत असणार. "असनार म्हंजे? बघितलंयस का आदल्या वर्षी?" परीक्षकानं विचारावा असाच प्रश्न होता तो. मी कबूल केलं की बघितलेलं नाही.

डिसेंबरचा शेवटचा रविवार माझ्या वर्षातला शेवटचा होता. त्या दिवशी सगळं लवकर उरकलं. ऊन कोवळं होतं, हात सरावलेला होता. तीनशे बारा. फोनवर दोनदा मोजले, तीनशे बाराच. शेवटच्या चमच्याची ताटली तांब्यात ओतायला काच उचलली, तेव्हा काचेच्या कडेला काहीतरी चिकटलेलं दिसलं. मी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. काच ठेवताना एक जीव कडेखाली सापडला होता. पाय हलत नव्हते. मी वाट बघितली, पाण्याचा थेंब घातला. हलले नाहीत.

आप्पांनी माझ्या खांद्यावरून बघितलं. छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि उसाकडं बघत उभे राहिले.

माझं काम झालं होतं. वर्ष पुरं होतं, आकडे पुरे होते. आता अक्का रागावल्या काय नि न रागावल्या काय, प्रबंधाला त्याचं काही नव्हतं. उलट मनात आलं, शेवटच्या दिवशी म्हातारीला कशाला दुखवायचं? एकानं काय होतंय? अकरा हजारांपुढं एक. तोंडातून 'तीनशे बारा' जायला श्वासाचाही वेळ लागला नसता.

"आज किती?" अक्कांनी विचारलं.

"तीनशे बारा."

"आनि परत किती गेली?"

"तीनशे अकरा," मी म्हणाले. "एक मेला, अक्का. माझ्या हातनं. काच ठेवताना."

अक्का हात पुसत जवळ आल्या. "दाव."

मी दाखवला. त्यांनी डोळा लावून पुष्कळ वेळ बघितलं. ओठ हलत होते, जप चालला असावा. मग काच माझ्या हातातून घेतली, तांब्यातल्या पाण्यात बोटानं अलगद खंगाळली आणि त्यालाही बाकीच्यांबरोबर घातलं.

"मेलं तरी घर त्येचंच हाय," त्या म्हणाल्या.

दोरी त्यांनी माझ्या हातात दिली. आजवर दिली नव्हती. मी तांब्या खाली सोडला, पाण्याला टेकलेला हाताला कळला, बुडाची दोरी ओढली. तांब्या हलका झाला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"रडतीस कशाला? जेवायला चल. आनि फुडच्या पाळीला काच जरा हळू ठेव."

"पुढची पाळी न्हाई, अक्का. आज शेवटची. वर्ष झालं. माझं काम संपलं."

अक्का दाराशी थांबल्या. मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले आहे अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तुजं संपलं आसंल," त्या म्हणाल्या. "त्यांची मोजदाद कोन करनार?"

आप्पांनी छत्री मिटली, वही उघडली आणि पुढच्या कोऱ्या पानावर पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहून माझ्यापुढं धरली. मी तिच्याखाली वेळ लिहिली, सकाळी सात. मग आम्ही जेवायला गेलो.